सही कोणी करायची?

कॉलेज फुटबॉलच्या अधिकृत व्हिडिओ गेमचे पुढे काय होणार, हा प्रश्न अमेरिकेत निघाला की दोन तट पडायला वेळ लागत नाही. (फुटबॉल म्हणजे इथे लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून खेळायचा अमेरिकन फुटबॉल, कोल्हापूरच्या पेठांतला नव्हे.) एका तटाचे म्हणणे असे की खेळाडूंच्या पैशाच्या हव्यासापायी २०१३ मध्ये हा गेम बंद पडला, अकरा वर्षांनी तो कसाबसा परत आला, आणि मागण्या अशाच वाढत राहिल्या तर तो पुन्हा बंद पडेल. दुसऱ्या तटाच्या मते विशीतल्या मुलांच्या चेहऱ्यांवर एक बलाढ्य कंपनी कोट्यवधी कमावते आणि त्यांच्या हातावर दीडदमडी टेकवते. अशाने गेम बुडत असेल तर बुडू द्यावा. दोन्ही तट भांडतात ते रकमेवर. मला हा वादच चुकीच्या जागी चाललेला दिसतो. खेळाडूला किती डॉलर मिळावेत हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न हा की हजारो खेळाडूंच्या वतीने करारावर सही करण्याचा अधिकार कोणाला आहे. आज तो कोणालाच नाही, आणि जोवर तो कोणाला मिळत नाही तोवर हा गेम कितीही खपला तरी त्याचे आयुष्य वर्षावर्षाच्या मुदतवाढीवरच चालणार आहे.

आधी इतिहास, कारण पहिल्या तटाचा सगळा युक्तिवाद इतिहासाच्या चुकीच्या वाचनावर उभा आहे. इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए, या कंपनीने १९९३ मध्ये स्टॅनफर्डचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्या नावाने पहिला कॉलेज फुटबॉल गेम काढला, तेव्हा तिच्याकडे विद्यापीठांचा परवानाही नव्हता. संघ गावांच्या आणि राज्यांच्या नावांनी ओळखावे लागत. पुढे परवाने आले, विद्यापीठांची बोधचिन्हे आली, मैदाने आणि बँडपथकांची गाणी आली, आणि कॉलेज क्रीडेचे नियमन करणाऱ्या एनसीएए या संस्थेचे नाव गेमच्या शीर्षकात बसले. खेळाडूंची नावे मात्र आली नाहीत. पडद्यावर दिसे फक्त जर्सीचा क्रमांक. एनसीएएचे म्हणणे असे की खेळाडू हौशी आहेत, त्यांची नावे विकणे नियमात बसत नाही, आणि पडद्यावर दिसतो तो कोणी विशिष्ट माणूस नाहीच.

तो कोणी विशिष्ट माणूस नव्हता का? सॅम केलर या क्वार्टरबॅकने (म्हणजे चेंडू फेकून संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूने) २००९ मध्ये दाखल केलेल्या खटल्याचा निकाल वाचावा. गेमच्या २००५ च्या आवृत्तीत ॲरिझोना स्टेटच्या संघातला क्वार्टरबॅक केलरप्रमाणेच ९ नंबरची जर्सी घालतो. उंची, वजन, त्वचेचा रंग, केसांची ठेवण, चेंडू फेकायचा हात, मूळ राज्य, कॉलेजातले वर्ष, इतकेच काय हेल्मेटला काच लावण्याची आवडसुद्धा त्याचीच. खेळाडूंच्या अशा सवयी हुबेहूब उतराव्यात म्हणून कंपनी प्रत्येक संघाचे साहित्य सांभाळणाऱ्यांना तपशीलवार प्रश्नावल्या पाठवत असे. पुढे केलर नेब्रास्काला गेला. २००८ च्या आवृत्तीत नेब्रास्काच्या क्वार्टरबॅकचे बाकी सगळे जुळते, फक्त नंबर जुळत नाही. आणि न्यायालयाने त्याचे कारणही सुचवले आहे, की हंगाम सुरू होण्याच्या अगदी तोंडावर केलरने आपला नंबर बदलला होता. या एका चुकलेल्या नंबरात सगळे आले. कंपनी कोणा काल्पनिक खेळाडूचे चित्र काढत असती, तर खऱ्या खेळाडूने नंबर बदलल्याने तिचा अंदाज चुकण्याचे कारण काय होते?

त्याच वर्षी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यानेही दावा लावला. यूसीएलए या कॅलिफोर्नियातल्या विद्यापीठाला १९९५ चे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून देणाऱ्या या डावखुऱ्या खेळाडूने एका मित्राच्या घरी बास्केटबॉलच्या अशाच गेममध्ये स्वतःलाच पाहिले होते: ३१ नंबर, डाव्या हाताचा नेम, नाव तेवढे नाही. २०१३ मध्ये दोन अपीलीय न्यायालयांनी, एका ठिकाणी केलरच्या आणि दुसऱ्या ठिकाणी रटगर्स विद्यापीठाच्या रायन हार्टच्या बाजूने, कंपनीचा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा बचाव फेटाळला. त्या जुलैत एनसीएएने परवान्याचे नूतनीकरण नाकारले आणि सप्टेंबरात ईएने पुढची आवृत्ती रद्द केली. कंपनी आणि तिच्या परवाना-मध्यस्थाने मिळून ४ कोटी डॉलर देऊन दावे मिटवले, पुढच्या वर्षी एनसीएएने आणखी २ कोटी दिले. आता या घटनाक्रमात गेम बंद कोणी पाडला? खेळाडूंनी मागितली होती भरपाई आणि वाटा. कंपनीने पैसे द्यायचे मनावर घेतले असते तरी ते घेणाऱ्या खेळाडूची पात्रता एनसीएएच्या नियमाने त्याच दिवशी संपली असती. विकत घेणारा आहे, विकणारा आहे, आणि सौदा झाला तर विकणाऱ्याला मैदानातून हाकलू असे सांगणारा तिसरा मध्ये उभा आहे. असा बाजार बसला तर दोष विकणाऱ्याच्या हव्यासाला द्यायचा?

हौशीपणाची ही भिंत परंपरेने आपोआप उभी राहिलेली नव्हती. १९५५ मध्ये कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा खेळाडू डोक्याला मार लागून गेला आणि त्याच्या विधवेने कामगार नुकसानभरपाई मागितली, तेव्हा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. त्याच काळात एनसीएएचे पहिले कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांनी ‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द रूढ केला, आणि तो रूढ करण्यामागे अशा दाव्यांची धास्ती होती. निवृत्तीनंतर याच बायर्सनी या व्यवस्थेवर टीकेची झोड उठवली, ही त्यातली नाट्यमय बाजू. आणि खेळ बुडेल ही भीतीही जुनीच आहे. कॉलेज फुटबॉलचे किती सामने टीव्हीवर दाखवायचे हे एकेकाळी एनसीएएच ठरवत असे, कारण मोकळीक दिली तर मैदाने ओस पडतील. १९८४ मध्ये ओक्लाहोमा आणि जॉर्जिया या विद्यापीठांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती मक्तेदारी मोडली. स्वतः एकेकाळी कोलोरॅडोकडून फुटबॉल गाजवलेल्या न्यायमूर्ती बायरन व्हाइट यांनी विरोधी मत नोंदवून हौशी खेळाच्या भवितव्याची चिंता व्यक्त केली होती. त्यानंतर मैदाने ओस पडली नाहीत; सामन्याच्या शनिवारी ॲन आर्बर किंवा कॉलेज स्टेशन या विद्यापीठांच्या गावांत शिकणाऱ्या आपल्याकडच्या मुलांना विचारा, लाखभर माणसे गावात उतरल्यावर बसने जायचे कसे हाच त्यांचा प्रश्न असतो.

तरीही विरोधी बाजूकडे वजनदार मुद्दे आहेत आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला असा की लोक हा गेम विकत घेतात ते जर्सीच्या पुढच्या बाजूसाठी, म्हणजे विद्यापीठाच्या नावासाठी. पाठीवरचे नाव दर चार वर्षांनी बदलतेच. यात तथ्य आहे. व्यावसायिक फुटबॉलचा गेम वर्षानुवर्षे बाजारात असताना लोकांनी कॉलेजच्या गेमसाठी अकरा वर्षे उसासे टाकले ते आपल्या गावाच्या बँडसाठी आणि आजोबांपासून चालत आलेल्या वैरासाठी. पण या अकरा वर्षांत चाहत्यांनी काय केले तेही पाहू. २०१३ ची आवृत्ती त्यांनी जिवंत ठेवली, तिच्यावर ‘कॉलेज फुटबॉल रिव्हॅम्प्ड’ नावाचे मॉड, म्हणजे चाहत्यांनीच केलेली सुधारित आवृत्ती, बांधले, आणि दर हंगामाला शंभराहून अधिक संघांच्या याद्या, नव्या खेळाडूंची खरी नावे आणि त्यांच्या गुणांचे आकडे हाताने भरले. एक पैसाही न घेता. पाठीवरच्या नावाला किंमत नसती तर हजारो नावे टाइप करण्यात कोणी रात्री घालवल्या असत्या का? विद्यापीठ हे घर आहे खरे, पण रिकाम्या घराचा गेम कोणालाच नको होता.

दुसरा मुद्दा मला व्यक्तिशः अधिक अस्वस्थ करतो. केलरच्या खटल्याचा निकाल दोन विरुद्ध एक असा लागला, हार्टच्याही. केलरच्या निकालातले विरोधी न्यायाधीश सिडनी टॉमस यांनी विचारले की खऱ्या माणसाचे चित्रण करायला दर वेळी त्याची परवानगी लागणार असेल, तर ऐतिहासिक व्यक्तींवर चित्रपट काढणाऱ्यांचे आणि पुस्तके लिहिणाऱ्यांचे काय? २०११ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने व्हिडिओ गेमला पुस्तकाइतकेच अभिव्यक्तिस्वातंत्र्य असल्याचे म्हटले होते. चरित्रनायकाच्या वारसांनी खटल्याची धमकी दिल्यावर प्रकाशक कसे हात आखडतात हे मराठी वाचकाला नव्याने सांगायला नको, म्हणून ही भीती मला पोकळ वाटत नाही. बहुमताने वापरलेली कसोटी, म्हणजे कलावंताने मूळ माणसात पुरेसे ‘रूपांतर’ घडवले आहे का ही, सैल आहे आणि उद्या एखाद्या चांगल्या कलाकृतीला ती नडू शकते, हेही मान्य. पण या विशिष्ट गेमचा दावा काय होता? त्याची जाहिरातच अस्सलपणाची होती. खेळाडू ज्या मैदानावर, ज्या पोशाखात, जे काम करून ओळखला जातो तेच काम, त्याच मैदानावर, त्याच पोशाखात तो पडद्यावर करत होता. त्याच्याविषयी काही म्हणायचे होते म्हणून तो तिथे नव्हता, त्याच्याऐवजी खेळता यावे म्हणून तो तिथे होता. शिवाय बोधचिन्हासाठी विद्यापीठाला पैसे मोजणाऱ्या कंपनीने खेळाडूपाशी पोचताच अभिव्यक्तिस्वातंत्र्याची आठवण काढावी, हे जरा सोयीचे झाले.

तिसरा मुद्दा आजचा आहे आणि बहुतेकांना तो निर्णायक वाटतो. २०२१ च्या जूनमध्ये ऑल्स्टन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमुखाने एनसीएएच्या विरोधात निकाल दिला, जुलैपासून खेळाडूंना स्वतःचे नाव आणि चेहरा विकण्याची मुभा मिळाली, आणि १९ जुलै २०२४ ला नवा गेम आला. शीर्षकात आता एनसीएएचे नाव नाही. प्रत्येक खेळाडूला ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत देऊ केली, आणि अकरा हजारांहून अधिक जणांनी होकार दिला. टेक्सास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग याने आधी नकार दिला, मग तोही आला. सगळे राजीखुशीने झाले असताना तक्रार कसली? शिवाय संघातल्या ८५ व्या खेळाडूलाही, ज्याला मैदानावर एक मिनिटही मिळत नाही, स्टार क्वार्टरबॅकइतकेच पैसे मिळाले. याला शोषण म्हणायचे की समता?

हिशेब मांडून पाहू. १३४ संघ, प्रत्येकी ८५ खेळाडू आणि ६०० डॉलर म्हणजे सुमारे ६८ लाख डॉलर. ठरलेल्या तारखेच्या तीन दिवस आधी खेळायला मिळावे म्हणून सुमारे १०० डॉलरची महागडी आवृत्ती घ्यावी लागत होती, आणि त्या तीन दिवसांत २२ लाख लोक खेळल्याचे कंपनीने स्वतः सांगितले. म्हणजे दुकानातली किंमत धरली तर २२ कोटी डॉलर, केवळ उतावळ्या गिऱ्हाइकांचे. अकरा हजार खेळाडूंचा एकत्रित मोबदला त्याच्या तीन टक्क्यांच्या आसपास येतो, आणि खरी विक्री तर त्यानंतर सुरू झाली. दुकानदारांचा वाटा, विद्यापीठांचे परवाने, शेकडो अभियंत्यांचे पगार हे सगळे त्या २२ कोटींतून वजा जाते, हे मी विसरलेलो नाही. तीन टक्के अन्याय्यच आहेत असे म्हणण्याइतकी माहितीही बाहेर कोणापाशी नाही. पण माझा आक्षेप टक्क्यावर नाहीच. तो आकडा कोणत्याही वाटाघाटीतून आलेला नव्हता, यावर आहे. कंपनीने रक्कम ठरवली, ती खेळाडूंपुढे ठेवली, हो किंवा नाही एवढेच विचारले. २०२३ मध्ये खेळाडूंच्या एका संघटनेने, तेव्हा ५०० डॉलरचा आकडा बोलला जात होता, बहिष्काराची हाक दिली. तिच्या मागे कोणी उभे राहिले नाही, कारण तिच्या मागे उभे राहण्याने कोणाला काही मिळणार नव्हते. पुढच्या आवृत्तीसाठी रक्कम १५०० डॉलरवर गेल्याच्या बातम्या आल्या. चांगले झाले. पण ती का वाढली, आणि तिसऱ्या वर्षी घटली तर खेळाडूने कोणाकडे जायचे? याच सुमारास अशीही बातमी आली की विद्यापीठांचा मोबदला आता त्यांचा संघ घेऊन लोक किती वेळा खेळतात यावर ठरेल. विद्यापीठाला वापरागणिक वाटा आणि खेळाडूला एकरकमी उचल, हा फरक गुणवत्तेचा नाही. विद्यापीठांच्या बाजूने टेबलाशी बसणारा मध्यस्थ होता, खेळाडूंच्या बाजूची खुर्ची रिकामी होती.

असे पूर्वी घडलेले आहे, आणि तेही याच धंद्याच्या चुलत घराण्यात. बबलगमच्या पाकिटात बेसबॉलपटूंची चित्रे घालण्यावरून दोन कंपन्या भांडल्या आणि त्या १९५३ च्या खटल्यात अमेरिकन न्यायालयाने ‘प्रसिद्धीचा हक्क’ हा शब्द प्रथम वापरला. आजच्या सगळ्या वादाचे मूळ त्या पाकिटात आहे. त्यातलीच एक कंपनी टॉप्स. छोट्या लीगमधल्या पोराला ५ डॉलर देऊन ती त्याची सही घेई आणि मोठ्या लीगमध्ये पोचल्यावर वर्षाला १२५ डॉलर देई, मग तो कोणीही असो. सगळे राजीखुशीने सह्या करत. १९६६ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेल्या मार्विन मिलर यांनी बेसबॉलपटूंच्या संघटनेची सूत्रे घेतली, आणि कंपनी वाटाघाटीला तयार होईना तेव्हा खेळाडूंना सांगितले की करार वाढवू नका, फोटोला उभे राहू नका. थोड्याच काळात रक्कम २५० डॉलर झाली आणि विक्रीवर ८ टक्के, ठरावीक मर्यादेपुढे १० टक्के वाटा मिळू लागला. टॉप्स बुडाली नाही, उलट तिची कार्डे पुढे कित्येक दशके छापली गेली. आपल्या मुंबईतही गीतकार-संगीतकारांनी वर्षानुवर्षे एकरकमी मोबदल्यावर राजीखुशीने सह्या केल्याच होत्या. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीने रॉयल्टीचा हक्क लिहूनसुद्धा देऊन टाकता येणार नाही असे ठरवले, तेव्हा गाणी बंद पडतील म्हणणारे होतेच. गाणी चालू आहेत.

मग कॉलेज खेळाडूंनी संघटना का केली नाही? इथे मात्र मला माझ्याच बाजूची अडचण कबूल केली पाहिजे, कारण ती खरी आहे. बेसबॉलपटू दहा-पंधरा वर्षे खेळतो, कॉलेजातला मुलगा तीन-चार. हल्ली तर दर हिवाळ्यात हजारो जण विद्यापीठ बदलतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये प्रयत्न केला, कामगार मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याने त्यांना कर्मचारी ठरवलेही, पण पुढच्या वर्षी मुख्य मंडळाने या प्रश्नात पडायलाच नकार दिला. सरकारी विद्यापीठांना प्रत्येक राज्याचा वेगळा कायदा लागतो, आणि कर्मचारी नसलेल्यांनी एकत्र येऊन भाव ठरवला तर तोच मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरण्याचा धोका असतो. पण हे अडथळे ओलांडता न येणारे नाहीत. संगीतरचनांचे सामूहिक परवाने देणाऱ्या संस्थांविषयी सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटले की हजारो हक्कदारांचा एकत्र परवाना हा मुळातच बेकायदा ठरवता येत नाही, कारण एकेकट्याने विकता न येणारी वस्तू त्यातून तयार होते. कॉलेज फुटबॉलचा गेम याहून वेगळा काय आहे? एका खेळाडूच्या चेहऱ्याचा गेम होत नाही. अकरा हजारांचा होतो. आणि खेळाडू येतो-जातो म्हणूनच तर टिकून राहणारे मंडळ हवे. विद्यार्थी बदलतात म्हणून विद्यापीठाला कुलसचिव नको असे कोणी म्हणत नाही.

यात कंपनीचेही हित आहे, हे दुसऱ्या तटाला पटत नाही आणि पहिल्याला दिसत नाही. ६ जून २०२५ ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी मंजूर केलेल्या ‘हाउस’ नावाच्या खटल्याच्या तडजोडीत एनसीएए आणि विद्यापीठांच्या मोठ्या क्रीडा-परिषदांनी माजी खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर द्यायचे कबूल केले. त्यातले सुमारे ७ कोटी व्हिडिओ गेमपोटी आहेत, म्हणजे मुख्यतः त्या वर्षांसाठी, ज्या वर्षांत गेम निघालाच नव्हता. न निघालेल्या गेमची भरपाई द्यावी लागते तिथे निघालेल्या गेमवर उद्या कोण कोणत्या कारणाने दावा लावेल, याचा अंदाज कोणता वकील देईल? संघटनेशी झालेला करार ही कंपनीसाठी खर्चाची बाब आहे तशीच विम्याचीही आहे. आणि आता ईएला विम्याची गरज जास्त आहे: सप्टेंबर २०२५ मध्ये सौदी गुंतवणूक निधी आणि त्याच्या भागीदारांनी ती ५५ अब्ज डॉलरना घेण्याचा सौदा जाहीर केला, त्यातले २० अब्ज कर्जाचे आहेत. कर्जाचे हप्ते फेडणाऱ्या कंपनीला दर जुलैत खात्रीने निघणारा गेम हवा असतो, दर जुलैत नव्याने गोळा करायचे अकरा हजार होकार नव्हे.

उपाय म्हणून अमेरिकी संसदेपुढे, म्हणजे तिथल्या काँग्रेसपुढे, आले ते २०२५ मध्ये मांडलेले ‘स्कोअर’ नावाचे विधेयक. त्यात एनसीएएला मक्तेदारीविरोधी खटल्यांपासून संरक्षण आहे, आणि खेळाडू कर्मचारी ठरणार नाहीत अशी तरतूद आहे. पहिल्या तटाला यात स्थैर्य दिसते. पण व्यावसायिक फुटबॉलला खटल्यांपासून जे संरक्षण मिळते ते खेळाडूंच्या संघटनेशी करार केल्यामुळे मिळते. इथे संरक्षण आधी देऊन संघटनेकडे जाणारा मुख्य रस्ताच बुजवला जात आहे. हे विधेयक मंजूर झाले तरी ईएला पुढच्या आवृत्तीसाठी प्रत्येक खेळाडूच्या फोनवर स्वतंत्र होकार मागावाच लागेल, रक्कम तीच ठरवेल, आणि त्या रकमेवर हरकत घ्यायची असलेल्या खेळाडूला पत्र लिहायला आजच्यासारखाच कोणाचा पत्ता सापडणार नाही.